बिननंबराची गाडी

सुवर्णा भर रस्त्यात मांडी घालून बसली होती आणि दूधवाल्याचा मोडलेला पाय दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवत होती. तो ओरडत होता. मोटारसायकल बाजूला आडवी पडली होती, दुधाचे दोन्ही कॅन उलटले होते आणि पांढरा ओघळ उताराने थेट नाल्यापर्यंत गेला होता. माणसं धावत येत होती. सगळ्यांच्या नजरा तिकडे होत्या, आणि मी गोल्फ कार्टच्या पाठीमागे वाकून नखाने एक कागद सोलून काढत होतो.

"काय काढताय?" प्रमिलाने विचारलं.

प्रमिला म्हणजे माझी बायको. या गाडीचं मागचं बाक उलटं असतं, बसणाऱ्याचं तोंड मागच्या रस्त्याकडे. त्यामुळे ती माझ्या समोरच, दोन हातांवर बसलेली होती. धक्क्याने तिची छडी खाली पडली होती, चष्मा नाकावर तिरका झाला होता, बाकी तिला काही लागलं नव्हतं.

"काही नाही," मी म्हणालो. "लोंबत होता."

लोंबत बिंबत नव्हता. चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून मीच तो घट्ट बसवला होता. पुढच्या काचेवरचा आधीच काढून खिशात घातला होता. हाही चुरगाळून त्याच खिशात घातला, आणि मग दूधवाल्यापाशी जाऊन मोठ्या आवाजात म्हणालो, कोणीतरी अॅम्ब्युलन्स बोलवा.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. मी मनोहर तारळेकर. एकतीस वर्षं आरटीओत काढली, शेवटची सहा वर्षं नोंदणी विभागाचा अधीक्षक होतो. गाडीला नंबर द्यायचा की नाही, याची फाईल माझ्या टेबलावरून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे. निवृत्त झाल्यावर आम्ही पुण्याच्या बाहेर करंजोशीला फ्लॅट घेतला. डोंगराच्या उतारावर शिखरबाग नावाची वसाहत उभी राहिली होती. तिचे दोन भाग, खालचा आणि वरचा, आणि दोहोंच्या मधून करंजोशी गावाचा जुना रस्ता गेलेला. वसाहत खाजगी, पण तो रस्ता सरकारी. बिल्डरने दवाखाना आणि व्यायामोपचाराचं केंद्र वरच्या भागात बांधलं आणि म्हातारी माणसं नेमकी सगळी खालच्या भागात येऊन राहिली.

म्हणून मग सोसायटीने बॅटरीवरच्या दोन गोल्फ कार्ट घेतल्या. एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधल्या, जुन्या. दोन्हींना पुढे दोन सीट, मागे उलटं बाक, वर छत, आवाज म्हणून नाही. म्हातारी मंडळी खूश झाली. सभेत कोणीतरी विचारलं, आतल्या आत ठीक आहे, पण मधला रस्ता ओलांडायचा तर नंबर नको का? सगळी सभा माझ्याकडे वळली. एव्हाना मला सेक्रेटरी केलं होतं, आणि ते का केलं होतं हे उघडच होतं. मी हात वर करून म्हणालो, "ते माझ्यावर सोडा. नंबर आणणं हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे." टाळ्या पडल्या. त्या मला अजून ऐकू येतात.

फाईल नीट लावून मी माझ्या जुन्या ऑफिसात गेलो. माझ्या खुर्चीवर ठकार नावाचा मुलगा बसला होता, माझ्याच हाताखाली तयार झालेला. उभा राहिला, चहा मागवला, फाईल उघडली आणि दुसऱ्या मिनिटाला मिटली. गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवण्याजोगी आहे असं चाचणी होऊन मिळालेलं कंपनीचं प्रमाणपत्र त्यात नव्हतं. नसणारच. ती गाडी हिरवळीवर फिरायला केलेली, रस्त्यासाठी नव्हेच. रस्त्यावर चालतील अशा कार्ट मिळतात, पण त्या वेगळ्या. ठकार खाली मान घालून म्हणाला, "साहेब, हे प्रमाणपत्र नसेल तर फाईल घेऊच नका, असं तुम्हीच शिकवलंत आम्हाला." चहा मात्र त्याने पूर्ण पाजला.

घरी येताना वाटेत मी ठरवलं की सभेला खरं सांगायचं. पण फाटकाशीच तीनचार जण भेटले, काय झालं म्हणून विचारू लागले, आणि माझ्या तोंडून गेलं, "अर्ज केलाय. होईल." एकदा तोंडातून गेलं ते गेलं. फाईल कपाटात टाकली, अर्ज कुठेच केला नव्हता. दुसऱ्या दिवशी दोन कोरे कागद घेतले, जाड काळ्या पेनाने मोठ्ठं 'ए/एफ' लिहिलं आणि रस्ता ओलांडायच्या गाडीच्या पुढे-मागे डकवलं. नवी गाडी घेतली की नंबर येईपर्यंत लोक अशी पाटी लावून हिंडतात. अर्ज केला आहे, असा तिचा अर्थ. कायद्यात तिला काडीची किंमत नाही. अशी पाटी लावून आलेल्या किती जणांना मी खिडकीतून तासलं असेल याची गणतीच नाही.

गाडी चालवायला आम्ही सुवर्णा ढमालेला ठेवली होती. करंजोशीचीच, अठ्ठावीस वर्षांची, नऊ वर्षांची एक मुलगी पदरात. नवरा होता, पण असून नसल्यासारखा. मामाचा टेम्पो चालवत ती गाडी शिकली होती, लायसन्स तिचं पक्कं होतं, आणि हात असा की प्रमिला म्हणायची, हिच्या गाडीत बसलं की पोटातलं पाणी हलत नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर प्रमिलाला आठवड्यातून तीनदा वरच्या केंद्रात न्यावं लागायचं. सुवर्णा दारापर्यंत यायची, तिला हाताने धरून बसवायची.

रस्त्याच्या फाटकाशी पहिल्यांदा ती थांबली होती. मला म्हणाली, "साहेब, नंबर न्हाई गाडीला. माझ्या अंगाशी येणार न्हाई ना?"

"हे काय लावलंय बघ," मी कागदाकडे बोट दाखवून म्हणालो. "अर्ज केलाय. मी आरटीओतला माणूस आहे, मला शिकवतेस?"

ती लाजून हसली, कान पकडला आणि गाडी काढली. पुन्हा कधी विचारलं नाही.

तिने हे विचारण्यालाही कारण होतं. एसटीत चालक म्हणून बायकांची भरती निघाली होती आणि तिने अर्ज भरला होता. तो अर्जही मीच तपासून दिला होता. लेखी झाली, गाडीची चाचणी झाली, यादीत नाव लागलं. त्या दिवशी तिने सगळ्या म्हाताऱ्यांना गाडीतून एक फुकटची चक्कर मारून आणली आणि प्रत्येकाला सांगितलं, पुढच्या खेपेला याच्या दसपट मोठी गाडी आणते. आता फक्त पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी तेवढी बाकी होती. नावावर गुन्हा नाही असा कागद आला की तिच्या अंगावर खाकी चढणार होती.

आणि त्या मंगळवारी सकाळी दूधवाला बबन केदारी उतारावरून सुसाट आला. सुवर्णाने दोन्हीकडे बघून गाडी रस्त्यात घातली होती, अर्धा रस्ता ओलांडलाही होता. बबनचा ब्रेक लागला नाही, कॅन गाडीच्या कोपऱ्यावर आदळला आणि तो पायावर मोटारसायकल घेऊन पडला. आवाज ऐकून मी फाटकातून धावत गेलो. चूक असेल तर त्याचीच होती, आणि दवाखान्यात तो तसं म्हणालाही. पण गाडी बिननंबराची, विमा नाही, सरकारी रस्त्यावर, आणि माणूस जखमी. फौजदार आला तेव्हा त्याने चूक कोणाची हे विचारलंच नाही. त्याने विचारलं, ही गाडी रस्त्यावर आणायला सांगितलं कोणी?

सुवर्णा तेव्हा बबनबरोबर अॅम्ब्युलन्समध्ये गेली होती. त्याच्या घरचं कोणी आलेलं नव्हतं, म्हणून.

मी फौजदाराला बाजूला घेतलं. माझी पाचावर धारण बसली होती. उद्या पेपरात येणार, आरटीओच्याच अधिकाऱ्याची बिननंबरी गाडी. ठकार वाचणार. ज्यांना खिडकीतून तासलं ते सगळे वाचणार. एकतीस वर्षांत माझ्यावर एक शेरा नव्हता, आणि त्याचा मला केवढा तोरा होता. मी म्हणालो, "साहेब, गाडी आवाराच्या आतच वापरायची अशी सोसायटीची सक्त ताकीद आहे. ड्रायव्हरने परस्पर बाहेर काढली."

"लेखी द्याल?"

"देतो की."

सोसायटीच्या लेटरहेडवर मी तिथल्या तिथे पत्र लिहिलं. सरकारी मराठी लिहावी तर तारळेकरांनी, असं ऑफिसात म्हणायचे. 'सदर वाहन वसाहतीच्या हद्दीबाहेर नेण्यास मनाई असतानाही, चालक श्रीमती सुवर्णा ढमाले यांनी सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी न घेता...' एक खाडाखोड नाही. सही केली, शिक्का मारला. फौजदाराने वाचलं आणि म्हणाला, अक्षर सुंदर आहे तुमचं.

घरी प्रमिला छडी हातात घेऊन खुर्चीत तयार बसली होती. म्हणाली, चौकीवर मला घेऊन चला, मी गाडीत होते, काय झालं ते मी सांगते. मी म्हणालो, "तुला उगाच गोवतील. कोर्टाच्या पायऱ्या चढायला गुडघे आहेत का तुझे?" कागद मी सोलताना तिने पाहिला होता, त्यावरचं अक्षर कोणाचं हेही तिला ठाऊक होतं. ती उठली आणि छडी कोपऱ्यात ठेवून आत गेली. तिनेही पुढे कुठे तोंड उघडलं नाही, आणि ते माझ्यासाठीच उघडलं नाही. तिलाही मी त्यात ओढलं.

गुन्हा सुवर्णावर दाखल झाला. सोसायटीने गाड्या फाटकाच्या आत कुलूप लावून ठेवल्या.

तीन आठवड्यांनी दुपारी ती घरी आली. हातात प्लास्टिकची फाईल, पायात चपला तशाच, दारातच उभी. भरतीच्या ऑफिसाकडून पत्र आलं होतं. पडताळणीत आपल्या नावावर गुन्हा नोंद असल्याचे दिसून आले आहे, तरी पंधरा दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.

मी तिला बसायला सांगितलं. मला वाटलं आता ही सगळं बोलणार, आणि खरं सांगतो, बोलली असती तर बरं झालं असतं. पण ती म्हणाली, "चौकीत म्हणले, सोसायटीनं लिहून दिलंय, मी परस्पर गाडी काढली म्हणून. साहेब, तुम्ही सांगितलं ना त्यांना, तुम्हीच पाठवत व्हता म्हणून?"

पत्र कोणी लिहिलं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सोसायटी म्हणजे चेअरमन, असं तिने धरलं होतं. आणि मी त्यातला नाही, हेही धरून चालली होती.

"सांगितलं गं," मी म्हणालो. "तोंडी सांगितलं. पण कमिटी ऐकत नाही, आणि पोलिसांना कागद लागतो."

"मला वाटलंच," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं असणारच." आणि तिने ते पत्र माझ्यापुढे टेबलावर ठेवलं. "आता हे तुम्हीच लिहून द्या. तुमच्यावाणी कोणाला लिहिता येत न्हाई."

त्या क्षणी करायचं काय हे अगदी सरळ होतं. गाडी सेक्रेटरीच्या सांगण्यावरून नेत होते, नोंदणीचा अर्ज केला आहे असं त्यांनी मला सांगितलं होतं, सोबत त्यांचं पत्र जोडलं आहे. एवढ्या तीन ओळी. सोबत माझी सही. ती सुटली असती. अशा फाईली मी पाहिल्यात, वरच्याने जबाबदारी घेतली की खालचा माणूस सुटतो. मी चष्मा पुसला, कागद घेतला आणि लिहायला लागलो.

प्रमिलाने मधे येऊन सुवर्णापुढे चहा ठेवला. माझ्यापुढे नाही.

लिहून झाल्यावर मी कागद तिच्याकडे सरकवला. ती ओठ हलवत एकेक शब्द वाचत होती. मधेच थांबली.

"साहेब, इथं 'परवानगी न घेता' असं लिहिलंय. 'माझ्या हातून चूक झाली' असं."

"अगं, ऑफिसला वाद घातलेला आवडत नाही," मी म्हणालो. "तू त्यांच्याशी भांडायला लागलीस की ते चौकशी लावतात, वर्षभर फाईल हलत नाही. चूक कबूल केली, क्षमा मागितली, की मोकळं करतात. एकतीस वर्षं मी हेच बघतोय."

हे मी बघितलं नव्हतं. मी बघितलं होतं ते बरोबर उलटं. माणसाची लेखी कबुली आली की चौकशीची गरज उरत नाही, कबुली जोडायची आणि फाईल बंद करायची, हे नव्या कारकुनांना मी स्वतः शिकवायचो. मला माहीत नव्हतं असं म्हणायला मला जागाच नाही. भांडण झालं असतं तर चौकशी लागली असती, आणि चौकशी माझ्या दारात आली असती. म्हणून मी तिच्या हातून तिच्याच विरुद्ध लिहून घेतलं.

सुवर्णाने कागद सरळ केला. मग पेन उचललं. "तुम्ही म्हणता म्हणजे बरोबरच असंल," म्हणाली, आणि सावकाश, जोडाक्षर नीट काढत सही केली.

दीड महिन्याने यादीतून तिचं नाव कमी झाल्याचं पत्र आलं. अर्जदाराने स्वतः कबूल केले असल्यामुळे, असं त्यात होतं. ते तिने मला आणून दाखवलं. रडली नाही. म्हणाली, "नशीब माझं. तुम्ही तर सगळं केलं." मी मान हलवली.

नंतर सभेत शब्द टाकून मी तिला वसाहतीच्या बागकामात लावून घेतलं. गाडी पुन्हा तिच्या हाती द्यायला कमिटी तयार नव्हती, आणि मीही फार आग्रह धरला नाही. सगळे म्हणाले, तारळेकर त्या बाईसाठी किती झटले. काही महिन्यांनी कार्ट आतल्या आत, फाटकापर्यंत पुन्हा सुरू झाल्या, प्रमिला मात्र पुन्हा त्यांत बसली नाही. छडी टेकत, दोनदा थांबत, वरच्या केंद्रापर्यंत चालत जायची. मी बरोबर निघालो तर म्हणायची, जाईन मी. आमच्या घरात भांडण असं झालंच नाही. जेवायला वाढते, औषधाची वेळ झाली की सांगते, आणि त्यापलीकडे आठ वर्षांत आम्ही फारसं काही बोललेलो नाही.

गेल्या जूनमध्ये एका संध्याकाळी बेल वाजली. दारात सुवर्णा होती. खुरप्याने हात राठ झालेले, केसांत पांढरं दिसायला लागलेलं. मागे तिची मुलगी श्रावणी, आईपेक्षा उंच. बारावी झाली होती आणि साताऱ्याला नर्सिंगला नंबर लागला होता. सकाळच्या एसटीने जायचं होतं.

मी म्हणालो, या, बसा. आत प्रमिला टीव्ही बघत होती.

सुवर्णा बसली नाही. मुलीला खांद्याला धरून पुढे केलं. "पाया पड साहेबांच्या," म्हणाली. "माझ्या टायमाला सगळ्या सोसायटीनं हात वर केले होते. हे एकटे माझ्या बाजूनं उभे राहिले. अशी माणसं मिळत न्हाईत, ध्यानात ठेव."

आत टीव्हीचा आवाज एकदम मोठा झाला.

पोरगी वाकली. कपाळ माझ्या पायांना टेकलं. पाय मागे घ्यायला पुरेसा वेळ होता. मी घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "आईचं नाव काढ."